माझी अंतिम पैसेवारी

१६ ऑगस्ट २०१५, पहाटे ५.१०
उठलो. याची कुठेतरी नोंद व्हावी. ट्रायथलॉन करायचं नक्की केलं. आधी धरणात पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर धावायचं. एकाच दिवशी, एकाच माणसानं. जानेवारीत अकोल्याजवळ आहे. अकोलाच का? अमरावतीहून जवळ पडतं म्हणून. रागिणी तिथे राहते हा योगायोग.

५.४०
परत झोपतो. वय अठ्ठेचाळीस. शरीराला एकदम धक्का देऊ नये.

१७ ऑगस्ट
रागिणीला फोन. पोस्टात तिची अकोल्याला बदली झाली त्याला दोन वर्षं झाली. बदली तिनंच मागून घेतली होती, पण काहीतरी ऑफिसचंच कारण असणार. आधी दर शनिवारी यायची. हल्ली गाडीला गर्दी असते. म्हटलं, फिनिश लाइनवर तू उभी पाहिजे. ती म्हणाली, बघू. म्हणजे येणार. वीस वर्षांच्या संसारात बायकोचं 'बघू' एवढं तरी कळतंच.

२३ ऑगस्ट
एकच अडचण. पोहता येत नाही.

३० ऑगस्ट, रविवार
अडचण सुटली. मोर्शीला जैनुद्दीनभाईंच्या संत्र्याच्या बागेत विहीर आहे. कॉलेजातली दोस्ती. त्यांनी पाठीला वाळका भोपळा बांधून मला पाण्यात सोडलं. वरून ओरडत होते, प्रल्हादभाऊ, हात मारा, हात! बुडून राह्यले का पोहून राह्यले, समजून नाही राह्यलं! मी म्हटलं, ही माझी स्टाइल आहे. विहीर गोल असल्यानं वळणाची उत्तम प्रॅक्टिस होते. शहरी लोकांना सरळ टँकमध्ये हे कुठे मिळणार?

२० सप्टेंबर
तहसील ऑफिसात गावांची पैसेवारी सुरू. पीक किती आलं त्याचा हा आकडा. पन्नासच्या वर गाव सुखरूप, पन्नासच्या खाली दुष्काळी. पहिला नुसता नजर अंदाज, मग सुधारित, वर्ष संपताना अंतिम. जेवणाच्या सुटीत सहज स्वतःची काढली. नजर अंदाज : बासष्ट. आरशात एका बाजूनं उभं राहिलं तर पासष्टसुद्धा.

४ ऑक्टोबर
पाच किलोमीटर धावलो. यात थोडं चालणं आणि एक ऑटो धरला आहे.
खानावळीच्या डब्यात भात जास्त, वरण कमी. खेळाडूला प्रोटीन लागतं असं डबेवाल्या माणिकबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, बाईले बोलवा मंग घरी. डबा बदलण्याचा विचार आहे.

११ ऑक्टोबर
जैनुद्दीनभाईंच्या विहिरीचं पाणी खाली गेलं. आता उतरायला पायऱ्या जास्त. चढताना मांड्यांचा व्यायाम होतो, म्हणजे सायकलची वेगळी तयारी नको. भोपळा सोडला. दोन फेऱ्या मारल्या आणि काठाच्या दगडाला अर्धा तास धरून राहिलो. पकड मजबूत होते आहे.

२ नोव्हेंबर
सुधारित पैसेवारी : छप्पन्न. गुडघा दुखतो त्याचे सहा वजा.
रागिणीला फोन केला. घाईत होती. गुडघ्याचं सांगितलं, ट्रेनिंगचं सांगितलं, डब्याचं सांगितलं. ठेवल्यावर लक्षात आलं, ती कशी आहे ते विचारायचं राहिलं. पुढच्या वेळी पहिलं तेच.

११ नोव्हेंबर, दिवाळी
ती आली नाही. तिला सुटीच नव्हती. पोस्टाला दिवाळीत सुटी नसते हे मला माहीत नव्हतं. खालच्या दुकानात आकाशकंदील घेतला, पण एकट्यानं स्टुलावर चढून लावणं रिस्की, शर्यतीआधी पडझड नको. तो टेबलावर ठेवून आत बल्ब लावला. एकटं राहणं हा ट्रेनिंगचाच भाग आहे. लांब पल्ल्यात माणूस शेवटी एकटाच असतो. हे वाक्य मीच तयार केलं. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून इथे लिहिलं.

२२ नोव्हेंबर
जैनुद्दीनभाईंनी फार अदबीनं सांगितलं. भाऊ, राग नका मानू, उरलंसुरलं पाणी झाडाईले लागते, मृगाचा बहार तर फुटलाच नाही. म्हटलं, काही हरकत नाही. आता पोहण्याची मानसिक तयारी. पलंगावर पालथं पडून हात मारतो. दम लागत नाही, ही प्रगती.

१३ डिसेंबर
मोर्शीला गेलो तर अर्धी बाग तोडलेली. वाळलेली झाडं, पाणी देऊनही वाचली नाहीत. ट्रकमध्ये सरपण भरत होते. मोकळ्या जागेत धावायला सरळ पट्टा छान झाला आहे, असं मी बोलून गेलो. भाई ट्रककडे वळले. कुलसुमभाभींनी चहा दिला. ते वाक्य मी बोलायला नको होतं. धावलो नाही. परत आलो.

३१ डिसेंबर
अंतिम पैसेवारी जाहीर करतो : एक्कावन्न. फेरतपासणी नाही.
रागिणीला शर्यतीची तारीख, वेळ, जागा पुन्हा सांगितली. तिनं विचारलं, तुमी नक्की येसान ना तेथपर्यंत? काय हा प्रश्न! तिच्या वडिलांच्या तेरवीला मी पोचलो नव्हतो हे खरं, पण ती निवडणुकीची ड्युटी होती. आणि तिच्या ऑपरेशनच्या दिवशी गाडी बंद पडली. आणि ते गृहप्रवेशाचं आता तिनंही विसरायला हवं. या वेळी मी वेळेआधी असणार.

१७ जानेवारी २०१६, रविवार, संध्याकाळी
अकोल्याच्या स्टँडवर बसून लिहितो आहे.
पोहणं : दुष्काळानं धरण आटलं, म्हणून अंतर कमी केलं होतं. निसर्ग माझ्या बाजूनं होता. पण तीन महिने विहिरीत पोहलेला माणूस आपोआप डावीकडे वळतो. पहिली फेरी मारून मी जिथून निघालो तिथेच आलो. लोकांनी पहिला आला म्हणून टाळ्या वाजवल्या. होडीतला माणूस मग शेवटपर्यंत सोबत राहिला आणि ओरडत होता, काका, तिकडं! काका, काऊन वापस येता! पाण्याबाहेर शेवटचा निघालो, पण वेळेत निघालो. हे मी स्वतःच्या बळावर केलं आहे.
सायकल : एका गावाबाहेर शेतात रोडग्यांचा, म्हणजे विस्तवात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, कार्यक्रम होता. नवस फेडत होते. पुंजाजी म्हणून म्हातारे रस्त्यात हात जोडून उभे. पाव्हणे, तोंडावरून जाऊ नका, दोन घास खाऊन जा. औंदा सोयाबीन गेलं, पन नवस कसा टाळाव? आता वऱ्हाडात रोडग्याला नाही म्हणणारा माणूस माणूस नव्हे. ठरवलं, दोन मिनिटं. बसवलं ते नेमकं पंगतीच्या मधोमध. रोडगे अजून गोवऱ्यांच्या विस्तवात होते. आणि पंगत उठल्याशिवाय एकट्यानं उठणं म्हणजे अन्नाचा अपमान.
त्यांच्या घरच्या पार्वताबाईंनी विचारलं, घरी कोन कोन हाये? हा प्रश्न मला किती दिवसांत कुणी विचारला नव्हता. मी सांगत सुटलो. रागिणी, तिचं पोस्ट, ती मला जोरात हसल्याबद्दल कशी रागवायची, ती आत्ता तिकडे माझी वाट पाहत कशी उभी असेल. बायका कौतुकानं ऐकत होत्या. वाढणारा वाढत होता. रोडगा, तूप, वांग्याची भाजी, पुन्हा रोडगा. खरं सांगायचं तर तिथून उठावंसंच वाटेना. एवढ्या माणसांत मी दोन वर्षांत जेवलो नव्हतो.
हात धुऊन सायकलवर बसलो तेव्हा वळणावरचा स्वयंसेवकही निघून गेला होता. पोट घेऊन कसाबसा धरणावर आलो. धावणं झालंच नाही. मंडप उतरवत होते. मंडपवाला माझ्या छातीवरचं नाव वाचून म्हणाला, येक बाई लय वेळ उभी होती. खुर्ची देल्ली, बसली नाही. कोन आलं का पाहे अन् माइकवाल्याले तुमचं नाव इचारे. आत्ताच गेली.
बॅगेतला मोबाइल काढला. तिचे मिस्ड कॉल.
तिच्या घरी जायला हवं होतं, इथून ऑटोनं जाता येतं. पण आधी नीट कारण तयार करावं, मग जावं. अमरावतीची गाडी लागली आहे.

१८ जानेवारी, संध्याकाळी
दिवसभर कारणं काढली. टायर पंक्चर. पोटात गोळा. आयोजकांनी दिशा चुकीची दाखवली. तिन्ही चांगली होती.
फोन लावला आणि खरं सांगून टाकलं. पंगत, रोडगे, पुंजाजी. तिला बरं वाटावं म्हणून हेही सांगितलं की तिथल्या सगळ्यांना मी तुझंच सांगत होतो. माझी बायको तिकडे माझ्यासाठी उभी आहे म्हणून.
ती म्हणाली, म्हंजे तुमी त्याईले सांगून राह्यले होते का मी उभी आहो, अन् मी उभीच होती.
मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?
तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तू कशी आहेस हे विचारायला तोंड उघडलं आणि माझा बॅलन्स संपला.