सारणातली वेलची

२३ सप्टेंबर, पासिर रिस

वेलची घातली मी. एवढंच केलं.

माझी सून हारुका आज तिच्या वारलेल्या वडिलांसाठी ओहागी करत होती. चिकट भाताचे गोळे आणि वरून लाल चवळीचं गोड सारण. जपानात या दिवसांत पितरांपुढे ठेवतात, आपल्या पितृपक्षासारखंच. ती भात बघत होती, सारण घोटायला मला दिलं. वास थेट पुरणाचा. हात आपोआप डब्याकडे गेला. वेलची, वर चिमूटभर जायफळ.

तिने चाखलं. "छान झालंय, आई," म्हणाली. मग मी टीव्हीपुढे बसल्यावर दुसरी चवळी शिजत घातली. वडिलांच्या फोटोपुढे त्यातलेच तीन गोळे. माझे सगळे नातीच्या डब्यात.

इतका राग आला की जेवलेच नाही. एवढ्याशा वेलचीने त्यांच्या घशाखाली उतरलं नसतं का? निखिल ऑफिसातून आला की सांगणारच होते. मुलगा आहे माझा, त्याला कळू दे.

तो आला, आणि मी गप्प बसले. कारण मागच्या वर्षीची ह्यांची तिथी आठवली. हारुकाने सकाळभर खपून पुरण केलं होतं आणि गोड बघायला बोटाने चाखलं होतं. नैवेद्याआधीच उष्टं. "छान झालंय गं," म्हटलं मी. ती आंघोळीला गेली तशी गुपचूप नवी डाळ शिजत घातली.

वर्षभर मला वाटत होतं, तिला कळलंच नाही.