रंग न दिलेली फ्रेम

पेण, रविवार

प्रिय अंबरीश,

तुझी सायकलची फ्रेम येऊन सात आठवडे झाले. कारखान्यात मी बसते तिथे, मागच्या भिंतीला टेकून ती उभी आहे. मी तिला अजून रंग दिलेला नाही. तू दोनदा मेसेज केलास, मी दोन्ही वेळा काम खूप आहे असं कळवलं. काम नाही. गणपती जाऊन तीन महिने झाले. आता परदेशी जाणाऱ्या लहान मूर्ती तेवढ्या चालू आहेत आणि त्यांचे डोळे माझे दुपारपर्यंत आखून होतात. मूर्तींना पांढऱ्याचा पहिला हात देणारी ठमाबाई जाता-येता फ्रेमकडे बघते. काल सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गो नमिता, या सांगाड्याला सोंड लावायची हाय का?" सगळे हसले. मीही हसले.

तुझी यादी मात्र मी रोज वाचते. कंपनीच्या लॅबमध्ये तू नोंदी करतोस त्याच बारीक अक्षरात दोन पानं, प्रत्येक वस्तूपुढे कारण. फ्रेम या वेळी पोलादाची, वजन वाढलं तरी चालेल. धक्के झेलणारा मागचा शॉक स्प्रिंगचा, हवेचा नको, चिखलात त्याचे सील जातात. पुढचा फोर्क जाड नळ्यांचा. चाकाला बत्तीस तारा, आणि तारांच्या टोकाचे निपल पितळेचे, कारण ॲल्युमिनियमचे निपल खाडीच्या हवेत पांढरे पडून भुगा होतात. पेडलचा आस फिरतो तो बॉटम ब्रॅकेट आट्यांचा, दाबून बसवायचा नाही. प्रत्येक बेअरिंगला दोन्हीकडून सील. पान संपता संपता एक ओळ, खाली रेघ मारलेली: जोडणी मी स्वतः करणार, कोणाच्याही हातात देणार नाही. आणि अगदी शेवटी: रंग निळा, तसाच.

पितळेचं वाचून मला बाबा आठवले. मिठागरात त्यांची अवजारं लाकडाची असत. सायकल ते बांधावर कधी आणत नसत. वर रस्त्याला लावायची आणि पुढे चालत यायचं. घरी आल्यावर गोड्या पाण्याचा फडका सगळ्यात आधी सायकलवर फिरायचा, मग पायांवर. खारं पाणी आधी बारीक जागेत शिरतं, बाहेर दिसतं त्याच्या कितीतरी नंतर, असं ते सांगायचे. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. त्यांचं ऐकायचे, पण ते मला सांगताहेत असं वाटायचं नाही.

पहिली फ्रेम तू आणलीस तो दिवस तुझ्या लक्षात असेलच. पुण्यातल्या कोणाकडून घेतलेली, जुनी, ओरखडे पडलेली. पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली डोंगरातली सायकल तुला शाळेपासून हवी होती आणि ती तू एकेक भाग जमवून करणार होतास. तू म्हणालास, डोळे आखतेस तसा हिला रंग दे. मी चार संध्याकाळी कारखान्याच्या मागे बसून जुना रंग खरवडून काढला. मग आम्ही मूर्तीच्या शेल्याला देतो तो निळा, तीन हात. त्यावर लॅकर. तू ती उन्हात धरलीस आणि फिरवून फिरवून पाहत राहिलास. मला तेवढं पुरे होतं. रोह्याला सायकलदुकानवाल्या दिनानाथमामांनी ती जोडली. सहा महिने तू ती चालवलीस. मला मागे बसवता येत नाही म्हणून चिडवायचास.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये डोंगर उतरताना शॉक जिथे फ्रेमला बोल्टने धरलेला असतो तो कानच तुटला. मागचं चाक खाली बसलं आणि तू पुढे फेकला गेलास. खांद्यात धातूची पट्टी बसली. डावा कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही हे मी सात आठवड्यांपूर्वी स्टँडवर पाहिलं, तू ही फ्रेम उजव्या खांद्यावरून उतरवलीस तेव्हा. हॉस्पिटलमध्ये असतानाच तू सायकलवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलंस की दिनानाथमामांनी बेअरिंग हातोडीने ठोकून तिरकं बसवलं आणि बोल्ट नको तेवढा आवळला, म्हणून कान तुटला. तू वेदनेत होतास आणि दुसरं कारण तुला दिसत नव्हतं. पेण, नागोठणे, रोहा, सगळीकडची मुलं त्यांच्याकडे जायची थांबली. त्यांना कोणी विचारलंही नाही. मी ते वाचलं. मी दोनदा तुला भेटायला आले आणि मग आले नाही. हात असा झाला म्हणून मी येईनाशी झाले असं तू समजलास. तुझ्या आईनेही तसाच समज करून घेतला. मी ते तसंच राहू दिलं, कारण खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

आमच्याकडे मूर्ती वाळताना तडे जातात. रोज जातात. तडा दिसला की ओली माती भरायची, वाळली की पॉलिश पेपर मारायचा, वर पांढऱ्याचा हात. तडा होता हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. तडा गेलेली मूर्ती पूजेला चालत नाही, पण भरलेला तडा कोणाला दिसत नाही. मी पंधराव्या वर्षापासून हे करते. माझं बोट तड्यावर आपोआप थांबतं. त्या फ्रेमवरही थांबलं. रंग खरवडल्यावर त्या कानाच्या मुळाशी, वेल्डिंगच्या कडेने, दोन बोटं लांब एक केसाएवढी रेघ होती. मी पुट्टी भरली, घासली आणि पुढे गेले.

दीड वर्ष मी स्वतःला सांगत होते की हाताने केलं, मला कळलं नाही. ते अर्धंच खरं आहे. तिसरा हात देताना ती रेघ मला पुन्हा आठवली होती. तुला विचारावं असंही मनात आलं. मग सगळं परत खरवडावं लागलं असतं, आणि तो निळा मला जसा हवा तसा पहिल्यांदाच उतरला होता. मी विचारलं नाही.

गेल्या रविवारी मी गाडीने रोह्याला गेले. दिनानाथमामा दुकानात एकटेच होते, एका शाळकरी सायकलचं चाक सरळ करत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं चाक थांबवलं नाही. मग फळीवरून एक बिस्किटाचा डबा काढला आणि त्यातून, मोडलेली सायकल दुकानात आली तेव्हा काढून ठेवलेला, तो तुटलेला कान माझ्या हातावर ठेवला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग चकचकीत आहे, ताजा. अर्धा काळपट, जुना, आणि त्या काळ्यात पांढरी पुट्टी भरलेली आहे. कोणी पाहिलं तरी कळेल. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी विचारलं, मामा, मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, "तुझं नाव निघालं असतं तर पेणमध्ये कोनी तुला मूर्तीला हात लावू दिला नसता. माझं काय, पंक्चर काढायला तरी येतीलच लोक." मग म्हणाले, "आणि रंगाखाली काय हाय ते बघायचं काम माझं पण होतं. मी पण त्या निळ्यावर भुललो. लय झकास दिला होतास गो." मी निघताना त्यांनी मला बजावलं की तुला काही सांगायचं नाही. "पोरगा आता कुठं उभा राहतोय, त्याला राग धरायला एक जागा सापडलीय, ती ऱ्हाऊ दे, मला नाय जड." मी हो म्हटलं आणि गाडीत बसले. पेण येईपर्यंत तो कान माझ्या मुठीत होता. त्यांनी तो परत मागितला नाही.

म्हणून हे लिहिते आहे. फ्रेम उद्या तुझ्याकडे पाठवते, तशीच, उघडी. गंजू नये म्हणून वर तेलाचा हात दिला आहे, पुसून बघ. प्रत्येक वेल्ड मी भिंगाखाली पाहिला आहे, मला कुठे काही दिसलं नाही, पण माझ्या पाहण्यावर तू अवलंबून राहू नयेस. रंग मी देणार नाही. तुटलेला कान सोबतच्या पाकिटात आहे, तो दिवसाच्या उजेडात बघ आणि त्याचा फोटो त्याच ग्रुपवर टाक, माझ्या नावासकट. कारखान्यात मी उद्या सकाळी स्वतः सांगणार आहे. तुझी यादी बरोबर आहे, तिच्यातलं काही बदलू नकोस, फक्त ती रेघ मारलेली ओळ खोड. सरळ न होणाऱ्या कोपराने शॉकची बेअरिंग एकट्याने बसत नाहीत, आणि तू ज्याच्या हातात काही देणार नाहीस त्या माणसाचा हात चुकला नव्हता. मला काही उत्तर लिहू नकोस. आधी त्यांच्याकडे जा. दुकान मंगळवारी बंद असतं, बाकी रोज ते नऊला उघडतात.

एवढं वाचूनही चालणार असेल तर तुझीच,
नमिता