डिलनच्या रिकाम्या चढाईबाबत

देवबापाला साक्ष ठेवून मी, रॉक पास्कू तुस्कानो, वय सत्तावीस, धंदा परांची बांधणे, मूळ राहणार तळ्याची वाडी, तालुका वसई, हल्ली मुक्काम सूर, ओमान, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि दारूचा थेंब न घेता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शाळा आठवीत सुटली, म्हणून अक्षर वाकडे आहे. डोके ठिकाणावर आहे.

कायद्याची वाक्ये आमच्या साइटचे सेफ्टी इंजिनीअर अश्विन वानखेडे यांनी सांगितली. ते अकोल्याचे. कागद मागायला गेलो तर म्हणाले, "रॉक, तुझ्याकडे आहे काय मृत्युपत्र करण्याएवढं?"

म्हटलं, "थोडी जागा आहे, थोडं सामान आहे आणि राग भरपूर आहे, साहेब."

"रागाला स्टॅम्प लागत नाही," म्हणाले. "लिही."

कारण असे की येत्या रविवारी मस्कतच्या इस्पितळात माझ्या छातीत मशीन बसवणार आहेत. गेल्या महिन्यात परांचीवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पडलो. पट्टा लावलेला होता म्हणून खाली न जाता लटकलो. डॉक्टरीण आमिनाबाईंनी तपासून सांगितले की माझ्या हृदयाची भिंत जन्मापासून जाड आहे आणि ते कधीही बंद पडू शकते. मशीन बसवल्यावर बहुतेक माणसे चांगली जगतात असेही त्या म्हणाल्या. बहुतेकांत मी नसलो तर, म्हणून हा कागद.

पहिली सूचना. हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट न बघता, याच रविवारी मिस्सा झाल्यावर, फादरनी क्लोटिल्डा मावशीच्या ओटीवर मोठ्याने वाचावे. कागदाचे फोटो मी फादरना पाठवतो आहे. साहेब म्हणतात, असे कायद्यात बसत नाही. नाही बसले तरी चालेल. आमची वाडी मेलेल्याचे ऐकते. गल्फात जिवंत असलेल्याचे ऐकत नाही, हे मी फोन करून पाहिले आहे.

कलम १. तळ्याकाठची खोली, पडवी आणि मागची केळी मेरिलला द्यावी. मेरिल म्हणजे क्लोटिल्डा मावशीची मुलगी, माझी मावसबहीण. मला जन्म देऊन आई गेली, तेव्हा मावशीने मला आपल्या डिलनच्या शेजारी निजवले. म्हणून सख्खी म्हटली तरी चालेल. तिच्या लग्नासाठी ही खोली विकू नये. नवऱ्याशी पटले नाही तर तिला परत यायला दार हवे.

कलम २. बँकेत जे असेल ते मावशीचे. त्यातून माझ्या नावाने मोठे जेवण घालू नये. छत गळते ते आधी बघावे.

कलम ३. माझा पाना, लेव्हल आणि पट्टा कॅम्पमध्ये जो नवीन पोरगा येईल त्याला द्यावा. पट्ट्याची कडी घट्ट आहे, ती दोनदा ओढून बघायची.

कलम ४. आमचे कॉलेज. आमचे म्हणतो, पण मी त्याच्या वर्गात कधी पाऊल टाकले नाही. मैदानात मात्र लहानपणापासून पडीक. कबड्डीच्या संघाला कोण पोरगा मिळेल ते मी सांगायचो. कोणाचा गुडघा कच्चा, कोणाची पकड चिकट, कोण हरल्यावर रडतो आणि कोण शिव्या देतो. पालघरचा डावा कोपरा सांभाळणारा गडी मी शोधला. विरारच्या बोनसवाल्याला मी सायकलवर बसवून आणला. क्रीडाशिक्षक सरांनी त्यांना कोट्यातून प्रवेश दिला आणि पेपरात स्वतःचा फोटो दिला. त्याबद्दलचा राग मी सरांना माघारी ठेवून जातो. तो त्यांनी सांभाळावा. खाडीपलीकडच्या कॉलेजने दोन वर्षांपूर्वी आमचे दोन गडी फोडून नेले. त्यांच्यावरचा राग संघाने वारसाहक्काने चालवावा, मी मेलो म्हणून सोडून देऊ नये.

'डावा कोपरा' हा आपला व्हॉट्सअॅप ग्रुप मी इथून चालवतो. कोण आला, कोण गेला, कोणाचा पाय मुरगळला, सगळी बातमी त्यावर. इथे व्हॉट्सअॅपचे फोन बंद आहेत, म्हणून वाडीतला आमचा नंदू मैदानातून बोललेले रेकॉर्ड करून पाठवतो. ग्रुप नंदूकडे जाईल, पण पुढचे कलम पाळले तरच.

कलम ५. हे सगळ्यात मोठे आहे. फादर, हे सावकाश वाचा.

डिलन माझ्यासारखा नव्हता. तो बारावी झाला, कॉलेजने त्याला मागून घेतला, सात नंबर दिला. दोन हजार चौदाच्या डिसेंबरात फायनलच्या दिवशी मी इकडे ओमानातच रुस्ताकला होतो, एका दुकानाचा बोर्ड लावत होतो. नंदूचे रेकॉर्डिंग आले. त्यात डिलनचा दम ऐकू येतो. त्याचा दम घोगरा, दोन कबड्डीमधला 'क' गिळून टाकायचा. त्याने दोघांना मारले, मागे वळला, मध्यरेषेवर हात टेकला आणि दम थांबला. लोक ओरडत राहिले, कारण गुण मिळाले होते. तो उठत नाही हे कळायला त्यांना वेळ लागला. पंचांनी दोन गुण दिले. सामना आपण जिंकलो.

तेव्हापासून आपल्या संघाची पहिली चढाई रिकामी जाते. कोणी जात नाही. तीस सेकंद सगळे प्रेक्षक उभे राहून डिलनचा दम म्हणतात आणि समोरच्याला एक गुण फुकट जातो. बाहेरगावचे संघही मान खाली घालून उभे राहतात.

तो दम मी इथे ऐकतो. जूनमध्ये दुपारचे काम बंद असते, सगळे सावलीत आडवे होतात, कूलर घरघरतो, तेव्हा येतो. तोच, घोगरा, 'क' गिळणारा. रुस्ताकला पहिल्यांदा आला तेव्हा दुकानामागे जाऊन बघितले. भिंत होती. मी अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, पाया पडून सलालाहच्या साइटवर बदली मागितली. तिथे नारळाच्या बागेत भुरभुर पाऊस, गार हवा, वाटले इथे नाही यायचा. तो मागून आला नाही. मी पोचलो त्याआधीच तिथे होता. मग मी सूर गाठले. लोक म्हणतात रॉकचा पाय एका जागी ठरत नाही. का ठरत नाही ते आज सांगितले.

आमिनाबाईंनी छातीला थंडगार काहीतरी लावून मशीन फिरवले आणि त्याचा आवाज वाढवला. मी उठून बसलो. खोलीत डिलनचा दम चालू होता.

"लेट, लेट," केरळची नर्स हिंदीत ओरडली. "क्या हुआ?"

मी विचारले, "ये कौन है?"

बाई हसल्या नाहीत. बोट माझ्या छातीवर ठेवून म्हणाल्या, "इंता." म्हणजे तूच.

मग त्यांनी विचारले, घरात कोणी तरुणपणी अचानक गेले आहे का. मी डिलनचे सांगितले. मग आठवले, मावशीचा भाऊ अंतोन मामा केळींना पाणी लावताना गेला, तिशीचाही नव्हता. त्याला विहिरीवरच्या बाईने धरले आणि डिलनला नजर लागली, असे वाडीत म्हणतात. आमिनाबाई म्हणाल्या, हे रक्तातून येते. डिलनला कोणी भाऊबहीण आहे का? बहीण आहे म्हटल्यावर, ती पळते, खेळते का?

आता ऐका. मेरिल यंदा बारावी झाली. कॉलेजने तिला मुलींच्या संघात मागितली आहे. सोमवारी निवडीचे शिबिर आहे. नंदूने ग्रुपवर टाकले आहे की सात नंबर परत येतोय आणि रिकामी चढाई आता बहीण करणार. वाडीने फटाके आणून ठेवलेत. तिच्या छातीची तपासणी झालेली नाही.

मी नंदूला फोन केला. म्हणाला, "अरे गल्फ रिटर्न, तू आधी रिटर्न तर हो! तिथे बसून अपशकुन कसला करतोस?"

मावशीला सांगितले. ती म्हणाली, "एका फोटोपुढे मेणबत्ती लावते मी, रॉक. दुसऱ्याचं बोलायचं नाही." आणि ठेवला.

मेरिल हसली. "दादा, आठवीवाला डॉक्टर कधीपासून झालास? माझा दम बघ, सर घड्याळ लावून थकतात."

म्हणून कलम असे. छातीची सोनोग्राफी होऊन डॉक्टरच्या सहीचा कागद येईपर्यंत मेरिल मैदानात उतरणार नाही. उतरवल्यास नंदूने ग्रुपमधून निघावे आणि माझ्या शवपेटीला हात लावू नये. कागद चांगला आला तर तिने खुशाल खेळावे आणि माझ्या वाटणीचेही ओरडून घ्यावे. वाईट आला तर तिला कोणी बिचारी म्हणायचे नाही. तिला गडी पारखायला शिकवावे. ते मला येते, तर तिला सहज येईल.

कलम ६. हे सही करण्याआधी आत्ताच वाढवले.

नर्सच्या हातापाया पडून मी त्या मशीनचा आवाज फोनमध्ये भरून घेतला होता. आज दुपारी तो मेरिलला पाठवला. खाली काही लिहिले नाही. तिचे उत्तर आले, बोललेले. जसेच्या तसे उतरवतो.

"दादा, हे तुला कोणी दिलं? हा माझा आहे. दुपारी आई झोपली की उशीवर डावा कान टेकते, तेव्हा येतो. मला वाटायचं, भाऊ येतो. कोणाला बोलले तर यायचा बंद होईल, म्हणून कोणाला बोलले नाही, आईला पण नाही. शिबिरात मी त्याच्याच चढाईला जाणार होते, त्याच्याबरोबर. दादा, तपासलं, औषध घेतलं, तर तो जाईल का?"

साहेबांनी विचारले, "काय लिहिणार आता?" अहमद, आमचा सूरचा फोरमन, सहीसाठी थांबला होता. त्याला हिंदीत सांगितले. तो म्हणाला, "उसको सच लिखो. बहन है."

मेरिल, खरे लिहितो. तो तुझ्याच छातीतून येतो, माझा येतो तसा. जाईल. माझाही रविवारी जाईल, मी तयार आहे. मलासुद्धा तो गेल्यावरची दुपार कशी असेल ते माहीत नाही. पण साडेचार वर्षे तो आपल्यासाठी एकाच दमावर उभा आहे. त्याला आता श्वास घेऊ दे. सोमवारी शिबिराला जाऊ नको, आईचा हात धर आणि तपासायला जा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

रॉक पास्कू तुस्कानो

साक्षीदार १. अश्विन शिवराम वानखेडे, राहणार अकोला, हल्ली सूर
साक्षीदार २. अहमद, फोरमन, राहणार सूर (सही अरबीत)

ठिकाण : सूर, ओमान
तारीख : २० जून २०१९