डाव्या मडगार्डवरचा पोचा

२ मे १९८९
जुन्या गाड्यांच्या क्लबच्या मिरवणुकीत यंदा सगळ्यांत पुढे माझी हिरवी हॅदरली. ठरलं. गेली कित्येक वर्षं तो मान सेक्रेटरी प्रिडमोर लाटतोय. म्हणे त्याची गाडी शर्यतीत धावलेली. असेल. पण अंगावर एक ओरखडा नाही. माझ्या गाडीच्या डाव्या मडगार्डवर पोचा आहे. छप्पन सालची वुल्व्हर्टन टेकडीची शर्यत, तिसरं वळण, दगडी कुंपण. सांगायला कशाला लागतं? दिसतंच.

५ मे, सकाळ
एनिड पुन्हा म्हणाली, तो पोचा ठोकून घेऊ या, मिस्त्रीकडे मीच नेते. तिला समजावलं की तो इतिहास आहे. बायकोला इतिहासाचं वावडं. गप्प बसली. पटलं असावं.

११ मे
क्लबात पोच्यावर भाषण दिलं, स्लाइड्ससकट. प्रिडमोर जांभया देत होता. जळतो मेला. शेवटी विचारतो, पुरावा काय? मडगार्ड दिसत नाही का याला?

१४ मे
पुरावा सापडला. छप्पन साली ही गाडी शर्यतीत चालवणाऱ्या मिस ट्रेंचर्ड अजून आहेत, शेजारच्याच गावात. फोन केला. मिरवणुकीला येतायत. पोच्याचा विषय मुद्दाम काढला नाही. सगळ्यांसमोर त्यांच्याच तोंडून येऊ दे. एनिडला सांगितलं तर तिचं डोकं दुखायला लागलं.

२० मे, संध्याकाळ
मिस ट्रेंचर्डनी गाडी लगेच ओळखली. स्टिअरिंगवरून हात फिरवताना रडल्या. प्रिडमोरचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, लाव बाबा पुढे. इथे थांबायला हवं होतं. मी माइक घेतला आणि त्यांना पोच्याची हकिगत विचारली.

बाई वाकल्या. "माझ्या हातात असताना हिला ओरखडासुद्धा आला नव्हता. कुणी केलं हे?"

एनिडनं चहाचा कप खाली ठेवला. "मी. गाडी आणली त्याच आठवड्यात गॅरेजच्या खांबावर घातली. सांगणारच होते रे, पण तोवर तुझं ते तिसरं वळण सुरू झालं होतं."

मिस ट्रेंचर्ड प्रिडमोरच्या गाडीत बसून पुढे गेल्या. मी आइस्क्रीमच्या गाडीमागे.

२१ मे
प्रिडमोर हलकट आहे. एनिडशी अबोला धरलाय. तिच्या अजून लक्षात आलेलं नाही.

गॅरेजच्या खांबावर एक हिरवा पट्टा आहे. शेवाळ समजून दरवर्षी घासतो. जात नाही.