सातवा खण
बुधवार संध्याकाळ, पनवेल

पॅकिंग मशीनला आज सातवं बटण लावलं आणि दाबताच माझा सी प्रोग्राम कोसळला. बटणाचा नंबर थेट ॲरेतला, म्हणजे ओळीने मांडलेल्या खणांतला, एक खण निवडतो, त्या खणातल्या पॉइंटरवरून, म्हणजे पत्त्यावरून, त्या बटणाचं फंक्शन चालतं. खण सहाच. सातवा नव्हताच! नंबर तपासायची ओळ मी विसरले, कबूल. पण कंपनीतल्या सरांनी सगळ्यांसमोर म्हणावं, "हे शहाणपण काढ, साधा स्विच लिही, एकेका बटणाची वेगळी केस"?

घरी बाबांना सांगितलं. त्यांचं आयुष्य मिठागरात गेलं. म्हणाले, "बांद एका जागी फुटला त आक्खा आगर मोडतात काय?"

नाय मोडत! तपासणीची ओळ घातली. सातवा खणही भरला. वर कॉमेंट लिहिली: चूक माझी होती, ॲरेची नव्हती. आता काढून दाखवा, सर.