खालच्या कुरणातल्या तीन तोफा

प्रिय ट्रिना,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून कपाळाला आठ्या घालू नकोस. तू इमेटला सोडून गेल्यापासून सात वर्षांत मी तुला नाताळचं साधं कार्ड पाठवलं नाही, आणि आता एकदम एवढं मोठं पत्र! सासूबाईंना काहीतरी हवंय, असंच तुझ्या मनात आलं असणार. तुझ्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

आगीची बातमी तिकडे बॉइसीला पोचली असेल. आपलं स्कीचं मार्टेन रिज वाचलं म्हणून टीव्हीवर सांगतात, पण ते अर्धंच खरं. लॉज वाचलं, स्कीचं दुकान वाचलं, पण स्कीवाल्यांना वर नेणाऱ्या लिफ्टचं डोंगरमाथ्यावरचं इंजिनघर जळून कोळसा झालं. लिफ्ट नाही तर स्कीवाले नाहीत, आणि ते आले नाहीत तर या गावानं हिवाळाभर खायचं काय? आणि याचं खापर फुटलंय माझ्या पोराच्या डोक्यावर.

झालं असं. आग खिंडीपलीकडे होती तेव्हाच इमेटनं हिवाळ्यात उतारांवर बर्फ उडवायच्या, त्याच्याच ताब्यातल्या सगळ्या तोफा भर ऑगस्टमध्ये बाहेर ओढल्या. तळ्याचं पाणी त्यांतून छपरांवर, झाडांवर उडवत राहायचं. मी गाड्यांच्या तळावर पोरांसाठी बीन्सची चिली शिजवत होते. पंप एकच, खाली कुणी नळ उघडला की वरची धार मरते, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. दुपारी माथ्यावरच्या तोफा एकाएकी मलूल झाल्या. म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय! तासाभरात इंजिनघर पेटलं.

माझा पहिला संशय मॅनेजर स्टॅनफिलवर. गेले दोन हिवाळे कोरडे गेलेत, डोंगर विकायची कुजबुज आहेच, त्यात विम्याचा पैसा मिळाला तर आयतंच की! बरं, त्याची गाडी आधीपासून उताराकडे तोंड करून उभी. तशी सगळ्यांचीच होती म्हणा, पण त्याची मला खटकली. त्याला मी चिलीसुद्धा तळाची, करपलेली वाढली. आगीपायी रिकामं केलेल्या गावात परत सोडलं तशी मी त्याचं पितळ उघडं पाडायला पाइपाच्या कडेकडेनं उतरत गेले, तर पोचले थेट डोंगराखालच्या तुझ्या कुरणात. तिथे तीन तोफा, तिन्हींची तोंडं तू वडिलांना राहायला दिलेल्या तुझ्या घराकडे. आणि नळाच्या चाकावर लोकरीचा हातमोजा. आपल्या बर्फवाल्यांची रीत तुला ठाऊकच आहे, चाकावर मोजा म्हणजे माझी धार चालू आहे, कुणी हात लावायचा नाही. अगं, पण ऑगस्टात? सवयीनं अडकवला मेल्यानं! अंगठ्याला निळं ठिगळ, मीच इमेटच्या मोज्याला लावलेलं.

मोजा माझ्याआधी स्टॅनफिलच्या माणसांनी पाहिला होता. आता गावभर एकच चर्चा, की तू घर विकायला काढलंयस आणि इमेटला त्यात वाटा कबूल केलायस. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं. तूच फोन करून त्याला गळ घातली असणार, आधी त्याचा संसार लुटला आणि आता नोकरीही, असं पुटपुटत मी तुला नाही नाही ते बोलले. त्याला तोंडावर विचारलं, तिचा फोन आला होता का? तर म्हणाला, “आई, जेवू दे गं.”

म्हणून मी पुन्हा कुरणात गेले. या खेपेला तुझ्याविरुद्ध काही सापडतंय का ते बघायला. भोवतालचं रान काळं ठिक्कर, आणि मधोमध तुझं घर उभं. छपराच्या पन्हळीत पाइनची एक सुई नाही. आग घरावर चढू नये म्हणून भिंतीलगतची झुडपं बुडापासून छाटलेली, आणि खुंट जुने, वर्षावर्षांचे. तुझे वडील काही शिडीवर चढत नाहीत. मग मला इमेटचे रविवार आठवले. मासे धरायला जातो म्हणतो, आणि सात वर्षांत एक मासा घरी आला असेल तर शपथ. मी मेली समजत होते, कुठे बाटली घेऊन बसतो. ट्रिना, मी तिथेच तुझ्या पायरीवर बसून रडले.

गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये सभा आहे. तिथे त्याला नोकरीवरून काढतील, आणि मग दुसऱ्या कुठल्या डोंगरावरही त्याला कुणी उभं करणार नाही. तो तोंड उघडायचा नाही. चोर म्हणवून घेईल, पण सोडून गेलेल्या बायकोचं घर अजून झाडतो हे चारचौघांत कळू द्यायचा नाही. तेव्हा तू ये. उभी राहा आणि सांग, की वडील हट्टानं घरातच थांबलेत अशी तुला धास्ती वाटली आणि तू इमेटला फोन केलास. जीव वाचवायला वळवलेल्या पाण्याबद्दल कोण बोलेल? त्या वेळी तुझे वडील गाड्यांच्या तळावर माझ्या चुलीशेजारी पत्ते खेळत होते, पण ते तुला बॉइसीत बसून कसं कळणार? तू फोन केला नव्हतास, हे मला ठाऊक आहे. तरी ये, आणि केला होता म्हणून सांग.

तुझीच, अजून तुला सून म्हणायला जीभ अडखळते तरी,
वर्ना