गाडी डावीकडे ओढते

१२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कानाचं यंत्र तू पुन्हा कपाटात टाकलंस म्हणे. फोनवर मी काही सांगावं आणि तू भलतंच ऐकावंस, त्यापेक्षा आपली पत्रंच बरी. निदान तू मधेच तोडून मला भूगोल शिकवत नाहीस.

एक विचारायचं होतं. गाडी बदलावी म्हणतोय. थांब, किंचाळू नकोस. म्हातारीने मला आजवर कधी दगा दिला नाही हे मला मान्य आहे. गावोगावचे वजनकाटे तपासत मी जे रस्ते तुडवले, ते तिच्याच जिवावर. पण हल्ली ती डावीकडे ओढते. आधी वाटलं, पेट्यांचं वजन कमीजास्त होत असेल. तपासणीची पितळी वजनं दोन्ही बाजूंच्या पेट्यांत असतात, म्हणून ऑफिसातल्या काट्यावर दोन्ही पेट्या चढवून पाहिल्या. तंतोतंत सारख्या. मेकॅनिकने चाकं काढली, चासी मोजली, पुढचा फोर्क तपासला आणि म्हणाला, काही नाही साहेब, गाडी सरळ आहे.

आता जे लिहितो ते घरी बोलू नकोस. परवा घाटातल्या पुलावरून येत होतो. लख्ख ऊन, रस्ता मोकळा, वेगही बेताचाच. एकदम डाव्या पेटीचा कठड्याला घासल्याचा कर्रर्र आवाज झाला. मी हँडल कसं वळवलं ते मला आठवत नाही. पूल संपल्यावर थांबलो आणि उतरून पाहिलं. पेटीचा कोपरा चेपलाय. कठड्यापलीकडे काय आहे ते मी वाकून पाहिलं, ते पाहायला नको होतं. घरी सांगितलंय की बाजारात कुणीतरी ठोकली.

दुसऱ्या कंपनीची नवी गाडी आली आहे. वजनाला हलकी, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, बटण दाबलं की सुरू. शोरूमवाला जुनी घेऊन नवी द्यायला तयार आहे. तू काय म्हणतेस? तू हो म्हणालीस तर मला धीर येईल. मला इतकी भीती याआधी कधी वाटली नव्हती गं.

माया आहे ती तशीच असू दे.

तुझा,
ढब्बू


१९ जानेवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि उभी होते ती खुर्चीत बसले. तुझा तो पूल मी पाहिलेला नाही, पण तेव्हापासून डोळे मिटले की तोच दिसतो. शाळेत मुलांना दऱ्या-डोंगर शिकवताना मला कधी घाम फुटला नव्हता.

तू विचारलंस म्हणून सांगते, गाडी बदलू नकोस. त्या म्हाताऱ्या गाडीचा प्रत्येक आवाज तुला ठाऊक आहे. कुठे खोकते, कुठे रुसते, कुठे चुचकारावी लागते, सगळं. बाबांना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा गुडघाभर पाण्यातून तिनेच नेलं आपल्याला, मी मागे बाबांना धरून बसले होते. नव्या गाडीचा स्वभाव कळेपर्यंत तू किती कठडे घासणार? हलकी म्हणजे वेगवान, आणि वेगवान म्हणजे मला इथे घोर. दुसऱ्या एखाद्या मेकॅनिकला दाखव. एकाला दिसलं नाही म्हणजे दोष नाही असं थोडंच आहे?

आणि वहिनीपासून लपवणं मला पटलेलं नाही. मी बोलणार नाही, पण तू बोल. वजन कमी कर. गाडीचं नव्हे, तुझं.

तब्येतीला जप. इथे एक म्हातारी तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसली आहे, एवढं लक्षात असू दे.

तुझी,
ताई


२५ जानेवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. गाडी बदलण्याचं खूळ तुमच्याही कानावर आलं असेलच. तुमचं ऐकतात म्हणून विनंती, त्यांना थांबवा. शोरूममधून फोन आला की चेहरा नव्या नवऱ्यासारखा फुलतो, आणि फोन ठेवला की इतके गप्प होतात की मला धडकी भरते.

त्या गाडीच्या नादात ह्यांचं कशात म्हणून लक्ष नाही. जेवायला बसले की अर्धं ताट तसंच टाकून उठतात आणि वर मलाच विचारतात, आज भाजी केली नाहीस का. भाजी ताटातच असते, डावीकडे. मी चिडून ताट फिरवून समोर धरलं तर गुपचूप जेवले. दाढी करतात ती डाव्या गालाची राहून जाते. स्वयंपाकघराच्या चौकटीवर डावा खांदा आपटून घेतला आणि सुताराला शिव्या दिल्या. घर बांधून किती वर्षं झाली! छोटी हसते, म्हणते बाबा प्रेमात पडलेत.

मीही हसते. पण काल मी त्यांच्या शेजारी बसून बराच वेळ बोलत होते आणि त्यांनी एकदम दचकून माझ्याकडे पाहिलं, जणू मी आत्ताच खोलीत आले. तेव्हापासून हसू येत नाही. माझ्यावर राग आहे का त्यांचा? तुम्हाला काही लिहिलं आहे का?

तुमचा हात आमच्या पाठीवर असू द्यावा.

आपली,
वहिनी


३० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं सगळं ऐकायचं ठरवलं होतं, पण एकदा नवी गाडी चालवून तरी पाहावी म्हणून काल शोरूममध्ये गेलो. छोटीही आली. तिला मागे बसवलं आणि निघालो. काय गाडी आहे ताई! आवाज नाही, धक्का नाही, लोण्यातून सुरी जावी तशी.

आणि मग तेच झालं. मंडईमागच्या रस्त्याला छोटीने किंकाळी फोडली आणि माझ्या पाठीत धपाधप बुक्के मारले. मी ब्रेक दाबला. एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन अगदी चाकापाशी. डावीकडून कुठून उगवली कळलंच नाही. ब्रेक चांगले म्हणून वाचलो, जुन्या गाडीवर असतो तर काय झालं असतं त्याचा विचारही करवत नाही. ती बाई नुसती पाहत राहिली माझ्याकडे. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर छोटी म्हणाली की बाबा, ती बाई कुठून आली नाही, ती आधीपासून तिथेच उभी होती. मी तिच्यावर ओरडलो. आजवर कधी ओरडलो नव्हतो.

एक गंमत सांगू? ही नवी गाडीसुद्धा डावीकडे ओढते. शोरूमवाल्याला म्हटलं तर तो हसला, स्वतः चालवून आला आणि म्हणाला सरळ जाते. दोन कंपन्या, दोन गाड्या, आणि खोड एकच. आरसाही डावीकडचा लहान दिलाय. पण ब्रेकसाठी घ्यावीच म्हणतो. सोमवारी म्हातारी देऊन नवी आणणार आणि पुढच्या दौऱ्याला छोटीला घेऊन घाटातून जाणार, म्हणजे तिची भीती मोडेल. माझीही.

रागावू नकोस. रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा,
ढब्बू


२ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

हे पत्र तुला मिळण्याआधीच शेजारच्या बाईंनी माझ्या सांगण्यावरून तुला फोन केलेला असेल. त्यांना एवढंच बोलायला सांगितलं आहे की गाडीच्या किल्ल्या काढून घे आणि त्याला कुठल्याही गाडीवर बसू देऊ नको. कारण मी इथे लिहिते. ते परक्या तोंडून ऐकू नयेस असं वाटलं.

तुझं पत्र आणि त्याचं पत्र मी शेजारी शेजारी ठेवून वाचलं. जुनी गाडी डावीकडे ओढते. नवीही डावीकडेच. कठडा डावीकडचा, ती मुलाला घेतलेली बाई डावीकडची. ताटातली भाजी, चौकट, गाल, सगळं डावीकडचं. आणि तू शेजारी बसली होतीस ती कुठल्या बाजूला, हे तू लिहिलं नाहीस, पण मला विचारायचीही गरज वाटत नाही. वहिनी, गाड्यांत काही दोष नाही. त्याला ती बाजू दिसत नाही, आणि दिसत नाही हे त्याला कळत नाही.

मी डॉक्टर नाही. माझं चुकत असेल तर मला सगळ्यांनी मिळून हसा, मी आनंदाने हसवून घेईन. पण आजच्या आज त्याला दवाखान्यात ने. तो तुझ्यावर चिडला नाहीये गं. पुलाचं काय झालं ते त्याच्याकडूनच ऐक. मी शब्द दिला होता म्हणून गप्प राहिले, आता तो शब्द पाळण्यात अर्थ नाही.

घाईघाईत लिहिते आहे, अक्षर लावून घे. काय होईल ते लगेच कळव.

तुझी,
ताई


८ फेब्रुवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुमच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा हे अंगात जाकीट चढवत होते. मी किल्ल्या उचलल्या आणि कणकेच्या डब्यात खुपसल्या. मग जे काही झालं ते मी आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाले, ताईला म्हातारपणी भ्रम झालाय आणि तूही तिला सामील. त्यांचा आवाज ऐकून छोटी बाहेर आली. ती त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, हाताच्या अंतरावर, आणि हळूच विचारलं की बाबा, मी कुठे आहे.

ते म्हणाले, आत असशील, आवाज तर आतून आला. ती तिथेच उभी होती वन्सं. हात हलवत होती. मी तोंडात पदर कोंबला. मग त्यांनी सगळी मान फिरवली, आणि ती दिसल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की तो मी कधी विसरणार नाही. खाली बसले आणि म्हणाले की त्या बाईच्या कडेवर मूल होतं.

डॉक्टरांनी डोळे तपासले, डोळे ठणठणीत आहेत. स्कॅनमध्ये दिसलं. मेंदूत उजवीकडे, मागच्या बाजूला गाठ आहे, आणि ती दाबत असल्यामुळे डावीकडचं चित्रच पोचत नाही. म्हणाले, माणसाला काळोख दिसला तर तो घाबरून येतो, पण इथे काळोखही दिसत नाही, ती बाजू नसल्यासारखीच होते. गाठ बहुतेक साधी असेल, पण काढल्याशिवाय खात्री नाही. दिसायला लागेल का विचारलं तर म्हणाले, पाहू. त्यांच्या त्या 'पाहू'पाशी माझा श्वास अडकून आहे. ऑपरेशन बुधवारी.

आता मी त्यांच्या उजवीकडे बसते. बसायला धीर पुरेल असं काहीतरी लिहा.

आपली,
वहिनी


१० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ज्याला भ्रम झाला होता तो लिहितोय. तुला जे बोललो ते तुझ्यापर्यंत पोचलं असेलच, इथे कुणाच्या पोटात काही राहत नाही.

उद्या डोकं उघडणार. केस काढले, आणि डोकं इतकं लहान निघालं की परिचारिकाही हसली. मीही हसलो, आणि हसता हसता दात वाजायला लागले. ताई, मी फार घाबरलोय. ऑपरेशनची भीती आहेच, पण तिच्याहून मोठी दुसरीच आहे. मी रोज सगळं जग पाहतोय अशा खात्रीने गाडी चालवत होतो. खोट काट्यात नव्हतीच, तपासणाऱ्यात होती, आणि तपासणाऱ्याला ती कळायला काही मार्गच नव्हता. आता उजवीकडे जे दिसतं त्यावरही विश्वास बसत नाही. हिला चारचारदा विचारतो की दार बंद आहे ना.

गाडीचं ठरवलं. म्हातारी विकून टाकायची आणि नवी घ्यायची नाही. मी घरी यायच्या आत ती अंगणातून गेलेली असू दे, असं हिला सांगितलंय. बरा झालो तर मी पुन्हा तिच्यावर बसेन, मला माझी खात्री नाही. आमच्या ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंचे यजमान घेतात म्हणाले. त्यांना सांगितलं की गाडी सरळ जाते.

छोटीला लिहीत जा. तिने माझा जीव वाचवला, आणि त्याचं बक्षीस म्हणून मी तिच्यावर ओरडलो.

उद्याच्यानंतर लिहिता आलं तर लिहीन. नाही आलं तरी तुझ्या मायेतला वाटा काढून घेऊ नकोस.

तुझा,
ढब्बू


१९ फेब्रुवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुमच्या शेजारच्या बाईंना फोन करून निरोप दिला होता, तो मिळाला असेल. ऑपरेशन पार पडलं, गाठ पूर्ण निघाली आणि ती साधी होती. हे वाक्य मी रोज मनात म्हणते. पहिले दोन दिवस ते नुसते झोपून होते आणि जागे झाले की माझा हात घट्ट धरायचे. नजरेबद्दल डॉक्टर काही बोलत नव्हते आणि मी विचारत नव्हते. विचारलं तर उत्तर मिळेल अशी भीती.

टायपिस्ट बाईंचे यजमान येऊन गाडी घेऊन गेले. ह्यांना सांगितलं तर मान हलवली आणि चहा मागितला, तेवढंच.

काल दुपारी छोटी परीक्षेला गेली होती. उजवीकडची खुर्ची परिचारिकेने शेजारच्या खाटेला नेली, म्हणून मी पलंगाच्या डाव्या कडेला जाऊन बसले. खरं सांगते, मुद्दाम नव्हतं. हे समोरच्या भिंतीकडे तोंड करून पडले होते. इतके दिवस कोंडून ठेवलेलं एकदम बाहेर आलं आणि मी आवाज न करता रडत राहिले, म्हटलं या बाजूला काय, इथे मी त्यांच्या लेखी नाहीच.

त्यांनी मान वळवली नाही. तसंच भिंतीकडे बघत म्हणाले की धुक्यात आहेस, पण रडतेयस एवढं दिसतंय मला.

डॉक्टर म्हणतात, सगळं परत येईल असं नाही, गाडी तर विसराच. चालेल. तुम्ही मात्र मिळेल त्या गाडीने निघून या, आम्ही तिघं वाटेकडे डोळे लावून आहोत.

आपलीच,
वहिनी